आख्यानाला जोडलेला फार्स

कथाप्रधान व्हिडिओ गेममध्यें मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनीं एकाच वेळीं परस्परांशीं झुंजण्याची सोय, असावी कीं नसावी, हा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांस पोरकट वाटेल. परंतु ज्या घरांतील मुलें कादंबरीस देत नाहींत इतका वेळ या खेळांस देतात, त्या घरांतील वडील मंडळींनीं त्याकडे कानाडोळा करून चालणार नाहीं. दहा, वीस, क्वचित् तीस तास चालणारी, आदि-मध्य-अंत असलेली, खेळणाऱ्यास पात्रांच्या सुखदुःखांत गुंतविणारी ही रचना वाङ्मयाची धाकटी बहीण आहे असें आम्ही मानतों; आणि तें एकदां मानलें म्हणजे तिच्या डोक्यावर भलतेंच गांठोडें लादणाऱ्यांस जाब विचारणें ओघानेंच येतें.

‘स्पेक ऑप्स: द लाइन’ हा बर्लिन येथील यागर या संस्थेनें रचिलेला खेळ २०१२ सालीं निघाला. वाळूच्या वादळांनीं गाडल्या गेलेल्या दुबई शहरांत कॅप्टन वॉकर हा अमेरिकन सैनिक शिरतो. समोर शत्रू आहे अशा समजुतीनें तो श्वेत फॉस्फरसचा मारा करवितो, आणि धूर निवळल्यावर त्याला होरपळलेल्या निरपराध नागरिकांच्या प्रेतांमधून चालत जावें लागतें. तो मारा खेळणाऱ्याच्याच बोटांनीं झालेला असतो. त्यामुळें लाज वॉकरला वाटते ती आपल्यालाहि वाटते. युद्धखेळाच्या माध्यमांतूनच युद्धखेळाच्या चवीवर आघात करण्याचें हें धाडस! आणि त्याच तबकडींत, एका दालनापलीकडे, माणसें टिपून गुण मिळवा व हुद्दा वाढवा असें आमंत्रण देणारा आखाडा मांडलेला होता. प्रकाशकाच्या आग्रहावरून हा भाग दुसऱ्याच एका कंपनीकडून करवून घेण्यांत आला, आणि मूळ खेळाचे प्रमुख रचनाकार कोरी डेव्हिस यांनीं पुढें उघडपणें त्याला कर्करोगाच्या गांठीची उपमा दिली. रचनाकारालाच जें अंग आपलें वाटत नाहीं तें रसिकानें कां आपलें म्हणावें?

या हट्टामागील हिशेब गूढ नाहीं. कथा पंधरवड्यांत संपते. संपली कीं तबकडी जुन्या मालाच्या दुकानीं जाते, आणि तिच्या दुसऱ्या विक्रींतून प्रकाशकास कवडीहि मिळत नाहीं. मल्टिप्लेअर असला कीं तबकडी घरांतच राहते. २०१० च्या सुमारास तर कांहीं प्रकाशकांनीं जुनी तबकडी घेणाऱ्याकडून ऑनलाइन खेळण्याचा निराळा आकार घेण्यास आरंभ केला. लोकांचा रोष झाल्यावर त्यांतील एका मोठ्या कंपनीनें २०१३ मध्यें ती पद्धत सोडली. व्यापाऱ्यानें व्यापार करावा, आमची हरकत नाहीं. त्याला कलेचें नांव मात्र देऊं नये.

“ज्यास नको त्यानें त्या दालनांत जाऊं नये, तुमचें काय बिघडतें?” असा प्रश्न आम्हांस हटकून विचारण्यांत येतो. काय बिघडतें तें ‘मास इफेक्ट ३’ नें त्याच २०१२ सालीं दाखविलें. आकाशगंगेंतील सैन्यांची जमवाजमव हा त्या कथेचा गाभा. खेळणाऱ्यानें तीन भागांत, वर्षानुवर्षें, जिवाभावाचे निर्णय घेऊन जें बळ जमविलें, त्यास शेवटीं ‘सिद्धते’च्या प्रमाणानें गुणावयाचें, आणि मल्टिप्लेअर वा त्याच्या जोडीचे मोबाइलवरील खेळ यांकडे जो फिरकला नाहीं त्याचें हें प्रमाण शेंकडा ५० वरच अडून राही. परिणामीं नायक शेपर्ड अखेरीस श्वास घेतांना दिसतो तो प्रसंग एकट्यानें खेळणाऱ्याच्या हातीं लागेना. आपल्या रंगभूमीवर पौराणिक आख्यानानंतर फार्स करण्याची चाल एके काळीं होती. पण “फार्स पाहाल तरच अभिमन्यु वांचेल” असें कोणत्याहि सूत्रधारानें प्रेक्षकांस बजावलें नव्हतें! पुढें जून २०१२ मधील विस्तारित शेवटाबरोबर ती अट शिथिल झाली, आणि २०२१ च्या संकलित आवृत्तींतून मल्टिप्लेअर समूळ गाळण्यांत आला. तो स्वतः रंगतदार होता हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. रंगतदार गोष्ट भलत्या जागीं बसविली होती, एवढेंच आमचें म्हणणें.

आम्ही सोबतीचे वैरी आहों असेंहि कोणी समजूं नये. ‘जर्नी’ (२०१२) या लहानशा खेळांत वाळवंटांत एक अनोळखी प्रवासी भेटतो. त्याचें नांव कळत नाहीं, बोलतां येत नाहीं, फक्त एक सूर काढतां येतो. तो दुसराहि कोठेंतरी बसलेला खराच माणूस असतो, आणि त्याची सोबत हीच कथा असते. ‘इट टेक्स टू’ (२०२१) मध्यें घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील नवराबायको बाहुल्या बनतात, आणि तो खेळ एकट्यानें खेळतांच येत नाहीं. तेथें दुसरा खेळाडू वजा केला तर कथाच उरत नाहीं. ‘स्पेक ऑप्स’मधून तो वजा करा, कथेचा एक टांकाहि उसवत नाहीं.

‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) चे चाहते येथें आम्हांस अडवतील. त्यांतील मल्टिप्लेअर कथेच्या जगाशीं इमान राखणारा होता, हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच नॉटी डॉग संस्थेनें त्याचा स्वतंत्र, मोठा अवतार कांहीं वर्षें घडवून डिसेंबर २०२३ मध्यें सोडून दिला. कारणहि त्यांनीं स्वच्छ सांगितलें: तो चालू ठेवावयाचा तर संस्थेची सर्व शक्ति त्यांतच ओतावी लागली असती, आणि एकट्यानें खेळावयाच्या कथा मागें पडल्या असत्या. “तुमचें काय बिघडतें?” या प्रश्नाचें हें उत्तर आमचें नव्हे, घडविणाऱ्यांचें आहे.

‘स्पेक ऑप्स’ जानेवारी २०२४ मध्यें परवान्यांची मुदत सरल्यामुळें ऑनलाइन दुकानांतून काढून घेण्यांत आला. ज्यांच्या संग्रहीं तो आहे ते वॉकरची कथा अजून खेळतात व तिच्यावर वाद घालतात. त्याचा आखाडा पुन्हा सुरू करा असें कोणी मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.