रमजानचा शेवटचा आठवडा वाचनासाठी

ईदला आठवडा उरला आहे. बाजारात शेवया, खारीक आणि कपड्यांसाठी गर्दी वाढली आहे. मशिदींत तरावीहच्या नमाजमध्ये हाफिजसाहेबांचे कुरआन पठण समारोपाकडे आले आहे. या ग्रंथाचे अवतरण रमजानमध्येच सुरू झाले. हिरा गुहेत हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) पहिला आदेश मिळाला तो 'इकरा', म्हणजे 'वाच'. लेखणीद्वारे मिळालेल्या ज्ञानाचा उल्लेखही त्याच आयतींत येतो. रोजे फर्ज झाले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मदिनेत. रोजा आपण निष्ठेने पाळतो. त्या पहिल्या आदेशाचे काय?

धाराशिव जिल्ह्यातील मुस्लिम माणूस घरी दखनी बोलतो, शाळेत आणि बाजारात मराठी वापरतो आणि नमाज अरबीत अदा करतो. 1948 पर्यंत येथे निजामाचे राज्य होते, कचेरीची भाषा उर्दू होती. त्या काळी शिकलेली पिढी उर्दू वाचत असे. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात. आजोबांची पुस्तके त्यांना वाचता येत नाहीत आणि मराठीत काय आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. मग धर्म समजतो तो मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून. शेजारच्या घरात आपल्याविषयीचे समज पोहोचतात तेही बहुधा त्याच वाटेने. या अज्ञानाची किंमत दोन्ही घरे मोजतात.

म्हणून हा एक आठवडा वाचनाला द्यावा. सुरुवात कुरआनच्या तिसाव्या पाऱ्यापासून करावी. त्यातल्या 37 सूरहपैकी बहुतेक लहान आहेत आणि त्यातल्या काही आपण रोजच्या नमाजमध्ये म्हणतो. त्यांचा मराठी अर्थ उपलब्ध आहे. अनाथाला झिडकारू नये, मापात खोट करू नये, हे तिथे किती स्पष्ट सांगितले आहे ते अर्थ वाचल्यावर कळते. पैगंबरांच्या जीवनासाठी साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' घ्यावे. एका हिंदू लेखकाने आदराने लिहिलेले हे पुस्तक घरातल्यांनी वाचावे आणि शेजाऱ्यालाही द्यावे.

सूफींसाठी सेतुमाधवराव पगडींचे 'सूफी संप्रदाय' आहे. पगडी निलंग्याचे. लातूर जिल्हा वेगळा झाला त्या 1982 पर्यंत निलंगा आपल्याच जिल्ह्यात होता. शहरातील हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या दर्ग्यात आपण जातो, पण सूफी विचार काय होता हे वाचलेले किती जण सापडतील?

काव्यात तर आपले घर भरलेले आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. हुसेन अंबरखानांनी गीतेवर 'अंबरहुसेनी' ही मराठी टीका केली. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात या परंपरेची ओळख होते. नळदुर्गचा पाणीमहाल ज्याच्या काळात उभा राहिला तो दुसरा इब्राहिम आदिलशहाही कवी होता. त्याच्या दखनी 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वती-गणपतीचे स्तवन आहे आणि गुलबर्ग्याच्या हजरत गेसूदराजांवरील भक्तीही आहे. किल्ला पाहायला जाणाऱ्या मुलांना धबधब्याबरोबर हेही सांगायला हवे.

जुने वैभव वाचून थांबू नये. 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फ. म. शहाजिंदे यांची कविता वाचावी. हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरीही वाचावी. दलवाईंची मते अनेकांना पटली नाहीत, पुढेही पटणार नाहीत. पण न वाचता नाकारणे सोपे आहे आणि 'इकरा' ऐकलेल्या समाजाला ते शोभत नाही.

शेवटचा दिवस लिहिण्यासाठी ठेवावा. रझाकारांचा जुलूम आणि पोलीस ॲक्शननंतरची होरपळ, दोन्ही या जिल्ह्याने पाहिले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादची नोंद केली होती. ते दिवस आठवणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणी कोणाला लपवले, कोणी कोणाच्या घरी धान्य पोहोचवले, हे त्यांच्याबरोबर मातीआड जाईल. इफ्तारनंतर आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसावे. त्यांच्या दखनी म्हणी आणि लग्नातली गाणीही उतरवून घ्यावीत.

मशीद कमिट्यांनी वुजूखान्यापलीकडच्या एका भिंतीला मराठी पुस्तकांचे कपाट लावावे. ते स्त्रियांसाठी आणि गावातल्या सर्वांसाठी खुले असावे. खर्च एका मोठ्या इफ्तार पार्टीपेक्षा जास्त येणार नाही. आणि यंदा मुलांच्या हातावर ईदी ठेवताना नोटेबरोबर एक पुस्तकही द्यावे. नोट ईदच्या दुसऱ्या दिवशी संपते.