सातबारा गप्प, नकाशा बोलतो

2025 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार गाजला. वर्तमानपत्रांनी त्या जमिनीची किंमत मोजली. पण आपल्या गावचा हाडकी-हाडोळा आज कोणाच्या ताब्यात आहे, हे किती समाजबांधवांनी विचारले?

सातबारा पाहून हे कळणार नाही. 1947 च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि आपली जमीन आकड्यांत हरवली. इंग्रजांनी मोजणी केली ती साऱ्यासाठी, आपल्यासाठी नव्हे. तरी त्या मोजणीने शेताशेताला नंबर दिला, हद्द दिली. तो जुना गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागा. मात्र नकाशा मालक सांगत नाही. त्यासाठी गाव नमुना 3 मधील दुमाला जमिनींची नोंद पाहा. इनाम वर्ग 6 ब म्हणजे महार वतन. मग जुन्या नंबरवरून नवा गट काढा, आणि त्या गटाचे सगळे फेरफार.

वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. वतने गेली 1958 च्या कायद्याने. जमिनी नवीन शर्तीवर पुन्हा मिळाल्या. विकायच्या तर सरकारी परवानगी हवी. फेरफारात ती परवानगी दिसत नसेल, तर खरेदीखत कशाच्या जोरावर झाले ते तहसीलदारांना लेखी विचारा.

आणि घाई करा. हाडोळ्याची वाट पायांनी ठाऊक असलेली म्हातारी माणसे वस्तीत आता थोडीच उरली आहेत. नकाशा त्यांच्यासमोर उघडायचा आहे.