जुनी होडी घेताना गादी नव्हे, तळ पाहा

एप्रिल उजाडला की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत घरामागच्या अंगणांतून ताडपत्र्या निघू लागतात. हिवाळाभर झाकून ठेवलेल्या शिडाच्या होड्या बाहेर येतात. एखाद्या मालकाचे गुडघे आता साथ देत नाहीत, एखाद्याची मुले मोठी होऊन दूर गेली आहेत. मग होडीवर 'विकणे आहे' अशी पाटी लागते. किंमत ऐकून नवा हौशी माणूस चकित होतो. जुन्या मोटारीहून कमी पैशांत शीड, डोलकाठी आणि वर चौघांना झोपायची सोय!

तिकडे स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणा. गृहस्थांनी अठ्ठावीस फुटी होडी पाहून ठेवली आहे. आत स्वयंपाकाचा ओटा, नव्या गाद्या, चकचकीत रंग. बाईसाहेब एकच प्रश्न विचारतात, "अहो, ही ठेवणार कुठे?" प्रश्न साधा आहे, पण निम्मा निर्णय त्यातच होतो. मोठ्या होडीला धक्क्यावर जागा भाड्याने घ्यावी लागते, वर्षातून तिला क्रेनने उचलावे लागते आणि दोघांपैकी एकाला बरे नसले तर ती जागची हलत नाही. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी वीस-बावीस फुटांची, ट्रेलरवर बसणारी होडी पुरते. ती घराजवळ राहते, म्हणूनच पाण्यात उतरते.

या मापाच्या जुन्या होड्यांत हमखास दिसणारी होडी म्हणजे 'कॅटालिना २२'. फ्रँक बटलर यांनी आखलेली ही होडी १९६९ पासून बाजारात आली आणि पंधरा हजारांहून अधिक संख्येने बनली. लांबी साडेएकवीस फूट, वजन साधारण एक टन. इतक्या होड्या असल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुखणीही सर्वांना ठाऊक आहेत. जुन्या वस्तूच्या बाबतीत हे दुसरे पहिल्याइतकेच मोलाचे.

सर्वांत मोठे दुखणे तळाशी असते. होडी वाऱ्याने कलंडू नये म्हणून तिच्या तळाखाली वजनदार पाते असते, त्याला कील म्हणतात. या होडीच्या बहुतेक जुन्या नमुन्यांत ते बिडाचे, सुमारे अडीचशे किलोचे असून एका जाड खिळीवर झुलते. आतला छोटा रहाट फिरवला की पोलादी तारेने ते वर येते आणि होडी दोन फूट पाण्यातही चालते; खाली सोडले की पाच फूट पाणी लागते. किनाऱ्यालगत हिंडणाऱ्याला ही मोठीच सोय. पण अडीचशे किलोंचा हा भार वर-खाली होतो तो त्या एका तारेच्या जोरावर. तार गंजून तुटली तर कील धाडकन खाली येते आणि तळालाच तडा जाऊ शकतो. खिळ झिजली असेल तर कील दोन्ही बाजूंना हेलकावते आणि नांगर टाकून निजलेल्या माणसांना रात्रभर ठक्‌ ठक्‌ ऐकू येते. तेव्हा गाद्या उचलून पाहण्याआधी ट्रेलरखाली वाकावे. कील हाताने हलवून पाहावी, तारेचे सुटलेले धागे शोधावेत, खिळीच्या बोल्टांभोवती गंजाचे ओघळ आहेत का ते बघावे. तार आणि खिळ बदलणे फार महाग नसते. दुर्लक्षच महाग पडते.

त्यानंतर डेक. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असते. वरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की ते आतल्या आत कुजते. वरून रंग छान दिसत राहतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तसेच इथे प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी आहे. चालताना पाय किंचित दबला तरी तेच समजावे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे होडीला जोडलेल्या असतात, तिथे विशेष लक्ष द्यावे. ती जागा मऊ लागली, तर भर वाऱ्यात डोलकाठी आडवी होण्याची शक्यता असते आणि तेव्हा खाली बसलेली असतात आपलीच मुले.

शीड हातात घेऊन चुरगाळावे. नव्या कापडासारखे कडक वाटले तर अजून बरीच वर्षे चालेल. जुन्या लुगड्यासारखे मऊ झाले असेल तर त्याचा आकार गेला. शिवण नखाने ओढून पाहावी, दोरा तुटला तर उन्हाने तो जाळला आहे. नव्या शिडांची जोडी कधी कधी जुन्या होडीच्या किमतीच्या जवळ जाते, हे भाव करताना ध्यानात असू द्यावे.

इंजिनाबाबत एकच खबरदारी घ्यावी. आपण पोहोचण्यापूर्वी ते चालू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. गरम इंजिन सहज सुरू होते, थंड इंजिन खरे बोलते. ट्रेलरचे टायर, दिवे आणि चाकांची बेअरिंगे मात्र लोक हमखास विसरतात. होडी घेतली तळ्याकाठी आणि ती अडकली हमरस्त्याच्या कडेला, असा प्रसंग त्यामुळेच येतो.

कागदपत्रे होडीची वेगळी आणि ट्रेलरची वेगळी असू शकतात. दोन्हींवर विकणाऱ्याचेच नाव हवे. होडीच्या मागच्या बाजूला उजवीकडे बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो, तो कागदाशी ताडून पाहावा. १९८४ नंतरच्या होड्यांत त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचे वर्ष सांगतात. रक्कम थोडी असली तरी इसारा देताना "पाण्यात चालवून पाहिल्यावर व तज्ज्ञाच्या तपासणीनंतरच व्यवहार पक्का" हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. तपासनीस बहुधा होडीच्या लांबीवर, फुटामागे पैसे आकारतो. कित्येक विमा कंपन्याही जुन्या होडीसाठी त्याचा अहवाल मागतात.

होडीबरोबर विक्रेता जीवरक्षक जाकिटे फुकट देऊ करतो. ती बहुधा मोठ्यांच्या मापाची आणि बंद फळीखाली वर्षानुवर्षे दडपलेली असतात. अमेरिकेत राज्याचा वेगळा नियम नसेल तिथे चालत्या होडीच्या डेकवर तेरा वर्षांखालील मुलांनी जाकीट घालणे कायद्याने सक्तीचे आहे आणि ते मुलाच्या वजनाला बसणारेच हवे. तेव्हा मुलांची जाकिटे नवीनच घ्यावीत आणि तो खर्च होडीच्या किमतीत पहिल्याच दिवशी मिळवावा.