अर्धा फ्लोट, पुरता गोंधळ

सी शिकताना आपल्याला दशांशाचे दोनच प्रकार भेटतात. फ्लोट चार बाइटचा, डबल आठचा. व्हायवात एवढं सांगितलं की सर पुढच्या रोल नंबरकडे वळतात. पण मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट घेणाऱ्यांची गाठ आता तिसऱ्याशी पडते, दोन बाइटच्या हाफशी. मेमरी निम्मी लागते, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. माझी तक्रार त्याच्या आकाराबद्दल नाही. जीसीसी कंपायलर त्याला डीफॉल्टने जसं वागवतो, ते मला पटत नाही.

आधी हा प्राणी बघू. आयईईई ७५४ च्या २००८ च्या आवृत्तीत त्याची व्याख्या आहे: एक बिट चिन्हाचा, पाच घातांकाचे, दहा अपूर्णांकाचे. सर्वांत मोठी संख्या ६५५०४. त्यात ०.१ ठेवायला गेलात तर प्रत्यक्षात ०.०९९९७५५८५९३७५ राहतं. पूर्णांक २०४८ पर्यंत सगळे नीट बसतात, तिथून ४०९६ पर्यंत फक्त सम. २०४९ ला जागाच नाही, तो राउंड होऊन पुन्हा २०४८. म्हणजे आपल्या मेसची कूपनं कोणी हाफमध्ये एकेक करून मोजली, तर २०४८ नंतर अख्खं हॉस्टेल जेवून गेलं तरी आकडा ढिम्म हलणार नाही! मेसवाले काका दुसऱ्याच दिवशी कुलूप लावतील. पण दोन बाइटांत मावणार तरी किती? इथपर्यंत सगळं मान्य.

आता एक ओळ घ्या. अ मध्ये २०४८, ब आणि क मध्ये एकेक, तिन्ही हाफ. अ + ब + क किती?

जीसीसीत एआरएमसाठी आधीपासून एक प्रकार होता, डबल अंडरस्कोर एफपी१६. तो फक्त साठवण्यापुरता. गणित करायची वेळ आली की आधी फ्लोट होतो, उत्तर २०५०. गोदाम वेगळं आणि कारखाना वेगळा, सरळ हिशोब. मग २०१५ च्या आयएसओ टीएस १८६६१-३ मधून अंडरस्कोर फ्लोट१६ आला, पुढे तो सी२३ च्या परिशिष्टातही गेला. हा खराखुरा गणिताचा प्रकार. ज्या प्रोसेसरमध्ये हाफचं हार्डवेअर आहे, उदाहरणार्थ इंटेलचे एव्हीएक्स५१२-एफपी१६ वाले, तिथे प्रत्येक बेरजेनंतर राउंडिंग होतं आणि उत्तर येतं २०४८. आपल्या साध्या पीसीवर ते हार्डवेअर नसतं. जीसीसी १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, तिथेही हा प्रकार चालतो, पण आतून फ्लोटच्याच सूचना वापरून. मधलं उत्तर डीफॉल्टने ३२ बिटांतच ठेवलं जातं. उत्तर, २०५०.

फाइल तीच, कंपायलर तोच, टाइप तोच. उत्तरं दोन.

कोणी म्हणेल, २०५० तर बरोबर उत्तर आहे, मग रडतेस कशाला? कारण ते नशिबाने बरोबर आहे. तीच बेरीज दोन ओळींत लिहा, मधलं उत्तर एका हाफ व्हेरिएबलमध्ये ठेवा. सीच्या नियमाप्रमाणे असाइनमेंटला जादा बिट सोडून द्यावे लागतात, झालं, पुन्हा २०४८. म्हणजे कोड नीटनेटका केला म्हणून उत्तर बदललं. समजा, आपल्यातल्या कोणी लॅपटॉपवर मॉडेल तपासून रिपोर्टमध्ये आकडे छापले आणि डेमो सर्व्हरवर दिला. आकडे जुळले नाहीत की एक्स्टर्नल आपल्याकडेच बघणार, कंपायलरकडे नाही.

जीसीसीवाल्यांची बाजूही आहे. प्रत्येक क्रियेनंतर फ्लोटचा हाफ आणि हाफचा पुन्हा फ्लोट करत बसायचं म्हणजे वेळ जातो, आणि सीचं स्टँडर्ड अशी जादा अचूकता चालवून घेतं. खरं आहे. पण हे दुखणं नवीन नाही हो. जुन्या एक्स८७ च्या ८० बिटांच्या रजिस्टरांनी हाच घोळ डबलच्या बाबतीत घातला होता. जीसीसीच्या बग-यादीतला ३२३ नंबरचा बग त्याचाच, २००० साली नोंदलेला, आणि त्यावर डुप्लिकेट तक्रारींची रांग लागली. इतकं होऊनही नव्या टाइपला डीफॉल्ट म्हणून तीच सवय का लावायची?

माझ्या मते डीफॉल्ट कडक हवा. ज्याला वेग हवा त्याने तो फ्लॅग देऊन मागून घ्यावा. आज उलटं आहे: कडकपणा हवा असेल तर ‘एफएक्सेस-प्रिसिजन=१६’ हा फ्लॅग आपण द्यायचा, आणि तो आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. ज्याला २०५० हवं आहे त्याने फ्लोटमध्ये कास्ट करून बेरीज करावी. निदान वाचणाऱ्याला दिसेल तरी.

बीफ्लोट१६ वापरा म्हणणाऱ्यांसाठी: त्याचा घातांक आठ बिटांचा, म्हणून पल्ला फ्लोटइतका, पण अपूर्णांकाला उरतात सातच. मेसची कूपनं २५६ लाच अडकतील.

लॅब मॅन्युअल पुन्हा छापायला जाईल तेव्हा सरांनी दोन ओळी घालाव्यात. एक या फ्लॅगची. दुसरी प्रिंटएफची: फ्लोट तिथे आपोआप डबल होतो, अंडरस्कोर फ्लोट१६ होत नाही, कास्ट आपल्याला करावा लागतो. नाहीतर स्क्रीनवर जे येतं त्याला २०४८ ही म्हणता येत नाही आणि २०५० ही नाही.