चारमिनारच्या दारातलं अक्षर

नाणी जमवणारी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: या खेपेला काय हाती लागलं, आणि कितीला? आपल्या शहरात हा नाद जुना आहे. रविवारी जाफर गेटच्या बाजारात नळाच्या तोट्या, घड्याळांचे सांगाडे आणि गंजलेल्या कुलपांच्या ढिगाशेजारी नाण्यांचा एखादा पत्र्याचा डबा असतोच. वर पंचम जॉर्जचे पैसे, मधे भोकाचे पैसे, आणि तळाशी नशीब असेल तर हैदराबाद संस्थानाचा हाली सिक्का. कुणाला त्यातलं तांब्याचं नाणं दोन चहाच्या पैशांत मिळतं, कुणाला चांदीचा रुपया. मग आठवडाभर तो खिशात घेऊन फिरणं आणि भेटेल त्याला दाखवणं.

आमच्या मते स्वस्तात मिळणं हे घासाघिशीवर कमी आणि वाचता येण्यावर जास्त अवलंबून असतं. हाली सिक्क्यावरचा मजकूर फारसीत. विकणारा त्याला ‘चारमिनारवाला’ एवढ्याच नावाने ओळखतो. पण चारमिनारच्या दारात नीट पाहा, तिथे एक अक्षर आहे. ‘मीम’ असेल तर नाणं सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचं, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांचं. साल हिजरी असतं. १३३७ दिसलं तर त्याला ३३ ने भागा, आलेली संख्या १३३७ मधून वजा करा आणि ६२२ मिळवा. १९१८ च्या आसपास येता.

त्याच नाण्यावर निजामाच्या किताबाबरोबर ९२ हा आकडा असतो. घरोघरी ७८६ ठाऊक असतं, ९२ कुणी विचारत नाही. अबजदच्या हिशेबाने मीम ४०, हे ८, पुन्हा मीम ४०, दाल ४. बेरीज करा, नाव आपोआप कळेल. हे नाणं आपल्या आज्या-पणज्यांनी बाजारात नेलं, मोडलं, गाठीला बांधलं. सात हालीला सहा कलदार हा हिशेब त्यांच्या तोंडावर होता. आज त्यांची नातवंडं तो रुपया उलटा धरून बघतात! ज्या घरात नानीला उर्दू येतं आणि नातू मराठी शाळेत जातो, तिथे अलिफ-बे शिकवायला याहून चांगली पाटी आम्हाला तरी माहीत नाही.

मोगल रुपये वाचणं अवघड. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं कडेबाहेर गेलेली असतात. आपल्या शहरातही टांकसाळ होती आणि औरंगजेबाच्या कारकिर्दीतच तिचं नाव नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असं येऊ लागलं. म्हणजे शुभ पायाचं शहर. ही दोन्ही पदं पूर्ण उमटलेला रुपया मिळाला तर जमवणारा त्या रात्री झोपत नाही.

असाच एक रुपया आमच्या ओळखीच्या एका तरुणाकडे आला. एका विधवा बाईंनी सासूच्या पेटीतले पंधरा रुपये काढले. चौदा चारमिनारचे, एक हा. त्याने सगळे चांदीच्या वजनाने घेतले. दाखवताना चेहरा फुलला होता. आम्ही विचारलं, ‘‘त्या बाईंना माहीत होतं?’’ म्हणाला, ‘‘मैं झूट तो नहीं बोला. उनों पूछेच नहीं.’’

खोटं बोलला नाही, हे खरं. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजाराबाहेर जाऊन काफिल्याला आधीच गाठून माल घ्यायला मनाई केली होती, कारण बाहेरून येणाऱ्याला बाजारभाव ठाऊक नसतो. तसा सौदा झालाच, तर बाजारात पोचल्यावर तो मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला. जाफर गेटचा डबेवाला रोज खरेदी-विक्री करतो. त्याच्याकडून स्वस्तात मिळालं तर ते आपल्या नजरेचं मोल, त्यात आम्हाला गैर वाटत नाही. घरातून पेटी आणणारी बाई मात्र त्या काफिल्यासारखी आहे. आम्ही हे त्याला सांगितलं. त्याला आवडलं नाही. तीन दिवसांनी फोन आला: तो रुपया परत घेऊन जाऊ की फरकाचे पैसे देऊ? आम्ही म्हटलं, ते आम्हाला नको, त्यांना विचार.

फसवणूक दुसऱ्या बाजूनेही चालते. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं म्हणून रामदरबार किंवा हनुमान असलेलं नाणं कुणी दाखवलं तर हात मागे घ्या. कंपनीने तशी नाणी पाडलीच नव्हती. ७८६ ची नोट लाखांत विकून देतो असं सांगून आधी ‘फी’ मागणाऱ्यांचा त्रास तर आपल्याच घरांना जास्त. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि कसलंही कमिशन घेत नाही. ७८६ ची नोट बरकत म्हणून जपायची तर जरूर जपा, पण तिच्या नावाने खात्यातले पैसे कुणाला पाठवू नका.

आणि शेतात नांगराला नाणी लागली तर ती बाजारात नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक किमतीचं असं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं दुबईच्या भाच्याला भेट म्हणून पाठवणंही कायद्यात बसत नाही.

चांदीचे भाव चढले की सराफ्यात दादीच्या माळेतले रुपये मोडीत निघतात आणि एकदा मुशीत गेलं की साल, अक्षर, टांकसाळ सगळं गेलं. विकायचंच असेल तर आधी कडेपर्यंत वाचून घ्या, दोन ठिकाणी दाखवा. ठेवायचं असेल तर चिंच, लिंबू, राख काही लावू नका. काळा पडलेला रुपया काळाच राहू द्या. कागदाच्या लहान पाकिटात घाला आणि तो कुणाकडून आला ते वर लिहा.