विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी पुरे, आता अंगठा ठेवा

शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की काय आठवतं? सोड्याचा ज्वालामुखी, थर्माकोलचं धरण, हात पुढे केला की उघडणारी कचरापेटी. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात, त्यामुळे सगळा भर मॉडेलवर. परीक्षक विचारतात, ‘चालतंय का?’ पण तंत्रज्ञान गावात आलं की आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ‘कोणासाठी चालत नाही?’

नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदच्या मुलांना यासाठी विषय शोधत लांब जायला नको. त्यांच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं.

आधी विज्ञान बघू. बोटावरच्या रेषा जिथे संपतात किंवा त्यांना फाटे फुटतात, त्या खुणा मशीन टिपतं. सर्व्हरवरच्या नोंदीशी त्या किती जुळल्या यावर गुण ठरतात. ठरावीक मर्यादेच्या वर गुण मिळाले तर ‘हो’, नाहीतर ‘नाही’. मर्यादा खाली आणली तर भलताच माणूस पास होऊ शकतो, वर नेली तर खराच माणूस नापास. शेतात राबून रेषा झिजल्या असतील तर गुण आणखी कमी. शिवाय रेंज हवीच.

वर्गात हे दाखवायला मशीन लागत नाही. कागदावर पेन्सिल घासा, त्यावर बोट फिरवा, सेलोटेपवर ठसा घ्या आणि मोबाइलने फोटो काढून मोठा करा. एकाच बोटाचे दोन ठसे जुळवा. आधी चार खुणांना पास करा, मग दहा खुणांना. कोण बाहेर पडतं ते मोजा.

दुसरा तक्ता गावाचा: रेशन दुकानात अंगठा किती वेळा लावावा लागला, हे घरोघरी विचारा. फक्त आकडे लिहा. नाव किंवा आधार क्रमांक नको. वर्गातले ठसेही ज्याचे त्याला परत द्या.

तिसरा तक्ता उपायांचा: बुबुळाची ओळख, मोबाइलवरचा ओटीपी, मुलांचं ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर करायचं बायोमेट्रिक अपडेट. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानुसार शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही, हेही लिहा.

असं प्रदर्शन कदाचित बक्षीस जिंकणार नाही. पण अंगठा न जुळल्यामुळे रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या आजीला नववीतली नात सांगू शकेल, ‘दोष तुझ्या बोटाचा नाही. चल, दुसऱ्या पद्धतीने ओळख पटवायला सांगू.’