अडीच की साडेतीन?

बालमित्रांनो,

या आठवड्यातली तुमची पत्रं चाळताना एक पत्र हातात आलं आणि बाकीची तशीच बाजूला राहिली. सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. ती लिहिते, "बाई, बाबांची बदली जर्मनीत स्टुटगार्टला झालीय. आम्ही सगळेच जाणार. आई म्हणते, काय काय न्यायचं त्याची यादी कर. मी करतच नाहीये. मला तिथलं एक अक्षर बोलता येत नाही. मी वर्गात मुकी बसून राहणार का?"

अगं, योगायोग बघ! माझी ताई, दाजी आणि आठ वर्षांची भाची स्टुटगार्टलाच राहतात. मोटारींच्या कारखान्यांचं ते शहर. आपली मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे तू तशी मावशीकडेच निघालीयस म्हण ना! तुझा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवते. आधी यादी करू या.

पहिल्यांदा काय न्यायचं नाही ते सांगते, कारण ताईच्या पिशवीतून विमानतळावर काय काय बाहेर निघालं ते मला ठाऊक आहे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही आणि आजीने कढवलेलं साजूक तूपही नाही. ताज्या फळा-भाज्यांना सरकारी तपासणीचा दाखला लागतो. केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना तेवढी सूट आहे. आंब्याला नाही! कढीपत्त्याची जुडीही बॅगेत कोंबायची नाही. मसाले, डाळी, पोहे मात्र खुशाल न्या. मिक्सरही न्या. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टचीच आहे, फक्त भिंतीतल्या सॉकेटची भोकं वेगळी असतात. आपली तीन पायांची पिन त्यात बसत नाही, म्हणून इथूनच दोन-तीन जोडपिना घेऊन ठेवा.

आता कागद. हे बॅगेत नाही, आईच्या हातातल्या पर्समध्ये ठेवायचे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक आणि लसीकरणाचं कार्ड. ते कार्ड कपाटात कुठेतरी तळाशी असतं, आजच शोधायला सांग. १ मार्च २०२० पासून तिथे शाळेत जाणाऱ्या मुलांना गोवराची लस घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. आणि सगळ्या कागदांवर तुझं नाव एकसारखं लिहिलंय ना, ते स्वतः बघ. माझ्या भाचीच्या जन्मदाखल्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त होता. त्या एका 'ए'पायी दाजींना किती हेलपाटे पडले, ते तेच जाणे.

तिथे पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पत्ता नोंदवणं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन 'आम्ही इथे राहतो' असं सांगावं लागतं. सोबत घरमालकाच्या सहीचा कागद हवा. ही नोंद झाली की पुढची बरीच कामं मार्गी लागतात.

गंमत अशी, की तिथल्या इमारतींत बहुतेक ठिकाणी खोली नंबर नसतोच. 'दुसरा मजला, खोली नंबर सात' हा प्रकार नाही. दारावरच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव लिहायचं, पोस्टमन ते वाचून पत्र टाकतो. नाव नसलं तर पत्र आलं तसं परत! ताईचं पहिलं महत्त्वाचं पत्र असंच माघारी गेलं. मग भाचीने वहीचं पान फाडून, रंगीत खडूने मोठ्या अक्षरांत आडनाव लिहून पेटीला चिकटवलं.

भाड्याचं घर म्हणजे कधी कधी नुसत्या भिंती. ओटा नाही, कपाटं नाहीत, छतातून दिव्याच्या वायरी लोंबतायत. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो! तेव्हा घर बघताना बाबांना ते विचारायला सांग. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणायची. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, म्हणजे मिक्सर नाही आणि खुर्च्या सरकवणंही नाही. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागद एकीकडे, वेष्टनं दुसरीकडे, साली-देठ तिसरीकडे. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकायच्या. पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि डबे मात्र फेकायचे नाहीत, कारण विकत घेतानाच त्यावर २५ सेंट अनामत घेतलेली असते. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली सरकवली की चिठ्ठी मिळते आणि तेवढे पैसे परत. आमच्या घरी हे खातं भाचीकडे आहे आणि त्यात ती दमडी सोडत नाही.

स्टुटगार्टकडची खास गोष्ट म्हणजे 'केअरवोखे', झाडलोटीचा आठवडा. इमारतीचा जिना, अंगण भाडेकरूंनी पाळीपाळीने झाडायचं. आपली पाळी आली की दारावर एक छोटी पाटी लटकते. झाडून झालं, आठवडा संपला, की पाटी शेजारच्या दारावर. माझ्या वर्गात सफाईच्या पाळीवरून रोज भांडणं होतात. मीही अशी पाटी करून पाहिली. पहिल्याच दिवशी ती हरवली!

आता तुझा प्रश्न. भाची तिथे तिसरीत गेली. दोन महिने झाले होते, थोडे थोडे शब्द जमायला लागले होते. एक मैत्रीणही झाली. तिने शाळेतच तोंडी सांगितलं, शनिवारी माझा वाढदिवस, ये, 'हाल्ब द्राय'. भाचीने मनात जुळवलं: हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. साडेतीन! ताईनेही मान डोलावली. शनिवारी दोघी नटूनथटून, भेट घेऊन बरोबर साडेतीनला दारात हजर. घंटी वाजवली. परत वाजवली. घरात कुणीच नाही. बाहेर कडाक्याची थंडी. पाऊण तास उभ्या राहून दोघी परत आल्या.

'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच. सगळी मुलं अडीचला जमली, हिची वाट पाहिली आणि मग आईबाबांबरोबर बर्फावर घसरायला गेली. सोमवारी मैत्रीण रागावून म्हणाली, तू आलीच नाहीस. हिला सांगायचं होतं, मी आले होते गं, थंडीत उभी होते. पण तेवढे शब्द कुठे होते? त्या दिवसापासून आमची बडबडी पोर वर्गात बोलेना. बाईंनी विचारलं तरी नुसती खाली बघायची. आठ दिवस. ताई फोनवर रडली. परत पाठवून देऊ का हिला, म्हणाली. मी शिक्षिका, पण मलाही पटकन काही सुचलं नाही.

मग रविवारी आमच्या आईने फोन घेतला. तिथे दुपारचे तीन, आपल्याकडे साडेसात. (हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीनचा, त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे होतात.) सगळं ऐकून आई हसायलाच लागली. "अगं सोने, मग ते अडीचच की! अडीच म्हणजे तरी काय? दोन पूर्ण आणि तिसरं अर्धं. आम्हाला मास्तर अडीचकी घोकून घ्यायचे. तुझ्या त्या जर्मनांनीबी तेच घोकलंय."

खरंच आहे. 'अडीच' हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आलाय: तिसरा अर्धा. पूर्वी साडेतीनला 'औट' म्हणत, म्हणजे चौथा अर्धा. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे आपल्या आजी-आजोबांचे पाढे. आणि स्टुटगार्टकडचे लोक सव्वादोनला 'पाव तीन' आणि पावणेतीनला 'पाऊण तीन' अशा अर्थाचे शब्द वापरतात!

तेवढ्यावर आई थांबली नाही. एकवीसला काय म्हणतात, विचारलं. भाची म्हणाली, 'आइन-उंड-त्स्वान्त्सिग', एक आणि वीस. आपलं एकवीसही तसंच, आधी एक मग वीस. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं तिथे चौपन्नचे पंचेचाळीस लिहून ठेवतात. हिला मराठीतून विचार केला की चुकायचं कारणच नाही. (२०१९ मध्ये आपल्याकडे दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? जर्मनीतही 'वीस-एक' म्हणावं असा आग्रह धरणारे लोक आहेत. मला विचाराल तर मी वर्गात दोन्ही शिकवते. ज्याला जे पटकन कळेल ते.)

त्या रात्री भाचीने एका कागदावर दोन घड्याळं काढली. एकात अडीच, एकात साडेतीन. साडेतीनच्या घड्याळाखाली बंद दार आणि दारात दोन बाहुल्या, एक मोठी, एक छोटी, छोटीच्या हातात भेट. शब्द एकही नाही. सकाळी शाळेत जाताना तो कागद मैत्रिणीच्या पत्रपेटीत टाकला. पेटीवर नाव होतंच.

मधल्या सुट्टीत मैत्रीण आली आणि डब्यातलं अर्धं सफरचंद हिच्यापुढे धरलं.

म्हणून सांगते, थोडे दिवस तू वर्गात गप्प बसशील. बसू दे. भाचीला बोलायला अजून चार महिने लागले आणि आजही ती चुकतेच. पण बॅगेत कोरे कागद आणि रंगीत खडू नक्की ठेव. आजीकडून निदान पावकी-निमकी शिकून घे. आणि हो, पहिल्या चाचणीत २ मिळाले तर आजीला आधीच सांगून ठेव की तिथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. आमच्या आईने 'दोनच?' म्हणून डोक्याला हात लावला होता!

पोचलीस की पत्रपेटीवर नाव लावायचं काम तू घे, आणि तिथला पत्ता मला कळव.

तुमची,
बाई